परक्या लोखंडाची साक्ष

१८ ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईस येऊन पोहोचली. वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या जुन्या पेट्या खाली उतरल्या. त्याच सुमारास देवळालीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडून आम्हांला बोलावणे आले. त्या घरी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली एक तलवार होती. परंतु ती मराठी नव्हे, जपानी होती. घरातले आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हवालदार होते. त्यांच्यामागे ती तलवार मुलाकडे व मुलामागे दोघा नातवांकडे आली. जपानच्या एका सेनापतीने शरण येताना ती आजोबांच्या हाती दिली, ती तीन-चारशे वर्षांची आहे आणि तिचे मोल लाखांत आहे, असे त्या घरात सर्वांनी लहानपणापासून ऐकले होते. थोरल्या भावाचे म्हणणे, ती विकून पैसे वाटून घ्यावेत. धाकट्याचे म्हणणे, आजोबांची आठवण विकायची नाही. त्यापायी दोघांमध्ये अबोला धरण्यापर्यंत मजल गेली होती.

त्यांनी आम्हांस तीन प्रश्न विचारले. ही तलवार खरी आहे काय? ती जुनी आहे काय? आणि तिची किंमत किती? जुन्या तलवारी ओळखणाऱ्या, पारखणाऱ्या व जमवणाऱ्या जगभरच्या माणसांना हेच तीन प्रश्न पडत आले आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आम्हांला वसई, जपान आणि आपल्याच जिल्ह्यातले मुल्हेर अशी बरीच भ्रमंती करावी लागली. त्या भ्रमंतीत हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. देवळालीच्या तलवारीकडे आपण शेवटी परत येऊच.

वसईचा दुभाषी

जपान हे नाव आपल्या लोकांना परके नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. किशोरवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि पुढे फिलिपीन्समध्ये फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली मनिलाहून जे शिष्टमंडळ जपानला गेले, त्यात ते दुभाषी होते. ज्याच्या दरबारी त्यांनी दुभाष्याचे काम केले तो तोयोतोमी हिदेयोशी हा त्या काळचा जपानचा सर्वसत्ताधीश. त्याच्याच हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्या सव्विसांत आपले गोन्सालो होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले.

हा हिदेयोशी तलवारींच्या इतिहासातही दोन कारणांनी प्रसिद्ध आहे. १५८८ साली त्याने शेतकऱ्यांकडच्या सगळ्या तलवारी सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. त्या वितळवून बुद्धाच्या महामंदिरासाठी खिळे व पट्ट्या करू, म्हणजे देणाऱ्यास इहलोकी व परलोकी पुण्य लाभेल, असे त्या हुकमात सांगितले होते. धर्माच्या नावाने प्रजेला निःशस्त्र करण्याची ती युक्ती होती. दुसरीकडे उत्तम तलवारींचा त्याला मोठा शौक होता. त्याच्याच काळात होनामी नावाच्या घराण्याला तलवारपारखी म्हणून राजमान्यता लाभली. हे घराणे तलवारींना घासून चकाकी देण्याचे आणि त्यांची पारख करण्याचे काम पिढ्यान्पिढ्या करीत असे. पारख झाली की घडी घातलेल्या कागदावर दाखला लिहून देत. त्या दाखल्याला ‘ओरिगामी’ म्हणत. आज आपली मुले कागदाच्या घड्यांचे पक्षी करतात, त्या कलेचेही नाव तेच. पुढे १७१९ साली शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून याच घराण्याने देशातल्या नामांकित तलवारींची एक यादी तयार केली. ती आजही जाणकारांच्या हाताशी असते.

योगायोग असा की, जपानी तलवारींच्या इतिहासात ‘जुन्या तलवारी’ आणि ‘नव्या तलवारी’ यांच्यामधली सीमारेषा १५९६ ही मानतात. त्या वर्षाच्या अखेरीस ‘केइचो’ नावाचा नवा कालखंड सुरू झाला. जपानी गणनेने नागासाकीचे हौतात्म्य त्या कालखंडाच्या पहिल्याच वर्षात घडले. म्हणजे तलवारपारखी ज्या क्षणाला जुन्याचा शेवट म्हणतात, त्याच क्षणी वसईचा आपला दुभाषी क्रुसावर चढत होता.

पाते वाचण्याची विद्या

जपानी तलवार सुंदर दिसते ती तिच्या बाकामुळे व चकाकीमुळे. पारखी मात्र आधी चकाकीकडे पाहत नाही. मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीने अडकवलेली असते. ती खुंटी काढून तो मूठ उतरवतो आणि मुठीच्या आत दडलेला पात्याचा भाग पाहतो. जपानीत त्याला ‘नाकागो’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी देठ म्हणू. हा देठ कधीही घासत नाहीत, त्याला कधीही पॉलिश करीत नाहीत. शतकानुशतके त्यावर चढत गेलेला गंज हाच तलवारीचा जन्मदाखला असतो. जुन्या देठावरचा गंज गडद, काळपट तपकिरी व गुळगुळीत असतो. तांबूस व भुसभुशीत गंज दिसला की पारख्याला शंका येते. जो गंज आपण घरी चिंच, राख आणि काचकागद घेऊन खरवडून टाकतो, त्याच गंजावर तिथे सगळा निवाडा अवलंबून असतो.

देठावर बहुधा लोहाराचे नाव कोरलेले असते, कधी गाव व सालही असते. परंतु नाव दिसले की विश्वास ठेवला, असे पारखी करीत नाही. मासामुने या चौदाव्या शतकातल्या थोर लोहाराच्या नावाने खोट्या सह्या कोरलेल्या तलवारी असंख्य आहेत. उलट कितीतरी अस्सल जुन्या तलवारींवर नावच उरलेले नाही. लांब तलवार आखूड करायची तर तिचा खालचा भाग कापावा लागतो, आणि त्या तुकड्याबरोबर सहीही जाते. म्हणून पारखी नाव पाहण्याआधी पाते पाहतो. पोलाद पुनःपुन्हा दुमडून ठोकल्याने पात्याच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखा पोत उमटतो. पाणी देण्यापूर्वी लोहार पात्यावर मातीचा लेप चढवतो, पाठीकडे जाड व धारेकडे पातळ. त्यामुळे धार कठीण होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी पांढुरकी लहर उमटते. या लहरीला ‘हामोन’ म्हणतात. प्रत्येक घराण्याची लहर वेगळी, जशी आपल्याकडे गायकाच्या घराण्याची तान वेगळी. नकली तलवारीवर ही लहर आम्लाने किंवा घासून रंगवलेली असते. उजेडात तिरपी धरली की तिच्यात खोली नाही हे कळते.

लांबीवरूनही वर्ग ठरतात. सुमारे ६० सेंटिमीटरांहून लांब पात्याची ती कताना, ३० ते ६० मधली ती वाकिझाशी आणि त्याहून लहान तो तांतो, म्हणजे कट्यारीसारखे शस्त्र. कतानाच्या आधीची ताची ही लांब तलवार धार खाली ठेवून कमरेला टांगत, कताना मात्र धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचत. लोहार आपली सही बहुधा बाहेरून दिसेल त्या अंगाला करी. म्हणून सही कोणत्या अंगाला आहे एवढ्यावरूनही ती तलवार कशी बाळगण्यासाठी घडवली, याचा अंदाज बांधता येतो.

या देठांवरच्या कोरीव अक्षरांत एक शब्द असा आहे की, तो वाचताना आम्ही थबकलो. दक्षिणेकडून जहाजांतून आलेल्या पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांना जपानी लोक ‘नान्बान’ म्हणत. नान्बान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी लोक. गोव्याहून आलेले धर्मगुरू, व्यापारी, खलाशी हे सगळे नान्बान. वसईचे आपले गोन्सालोही त्याच गणतीत धरले गेले असणार. आता गंमत अशी की, एचिझेन प्रांतातला यासुत्सुगु नावाचा लोहार आपल्या तलवारींच्या देठावर मोठ्या अभिमानाने ‘नान्बान लोखंडाने घडवली’ असे कोरीत असे. हा कोणी किरकोळ लोहार नव्हता. ज्या तोकुगावा घराण्याने पुढे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, त्याच घराण्याचे राजचिन्ह आपल्या तलवारींवर कोरण्याची परवानगी त्याला होती. हे परदेशी लोखंड हिंदुस्थानातून जात असावे, असाही काही अभ्यासकांचा कयास आहे. ज्यांना तो देश रानटी म्हणून दूर लोटत होता, त्यांच्याच लोखंडाचे नाव त्याने तलवारीच्या अंगावर मानाने मिरवले.

मुल्हेरची मूठ, परदेशी पाते

आता आपल्या घराकडे वळू. मराठी दौलतीत तलवारींचे जे प्रकार होते, त्यांत सरळ पात्याच्या एका तलवारीचे नावच ‘फिरंग’ असे होते. युरोपातल्या फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत ‘फिरंगी’ हा शब्द आला आणि तिथून तो मराठीत रुळला. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज जहाजांतून युरोपातली पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत. जर्मनीतले सोलिंगेन, स्पेनमधले तोलेदो, इटलीतली गावे ही त्यांची माहेरे. इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. हाताच्या पंजाला संरक्षण देणारी, तळाशी टोकदार दांडा असलेली ती मूठ पाहिली की तलवार इथली वाटते, पाते पाहिले की तिथली.

रघुजी भोसल्यांची तलवार हे याचेच उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र शासनाने ती एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात घेतली. त्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. रघुजी (१६९५–१७५५) हे नागपूरकर भोसले घराण्याच्या राज्याचे संस्थापक व शाहू महाराजांचे ‘सेनासाहेब सुभा’. तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे आहे. मूठ सोन्याच्या कामाची व मुल्हेरी घाटाची आहे. मुल्हेर म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, बागलाणातले. बागुल राजांची ती एके काळची राजधानी, साल्हेरच्या शेजारची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोनेरी लेख आहे. त्यात रघुजींचे नाव आहे, पदवी आहे आणि शेवटचा शब्द आहे ‘फिरंग’. युरोपातल्या कुठल्या तरी भट्टीत जन्मलेले पाते, मुल्हेरी घाटाची मूठ, नागपूरच्या सरदाराचे नाव, आणि या सगळ्याला बांधणारा तो एक शब्द! पात्याचे परकेपण त्या सरदाराने झाकले नाही. त्याने ते सोन्याने लिहून ठेवले.

आणखी एक उदाहरण घेऊ. १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजांना करवीरच्या छत्रपतींकडून एक तलवार भेट मिळाली. ‘जगदंबा’ या नावाने ती आज ओळखली जाते आणि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचेही पाते युरोपीय आहे, आणि त्यावर ‘आय.एच.एस.’ ही प्रभू येशूच्या नावाची अक्षरे ठोकलेली आहेत. हे वाचून आपल्यापैकी काहींचा ऊर भरून येईल. परंतु इथे पारख्याचा संयम ठेवला पाहिजे. अशी अक्षरे युरोपातले पाती घडवणारे कारागीर आपल्या मालावर सर्रास उमटवीत. त्यावरून पात्याचे माहेर कळते, ते वापरणाऱ्याची श्रद्धा कळत नाही. तलवार जेवढे सांगते तेवढेच ऐकावे. तिच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

फिरंग ओळखायची तर काय पाहावे? पाते बहुधा सरळ असते. त्यावर लांबीच्या दिशेने एक, दोन वा तीन पन्हळी खोदलेल्या असतात. त्या पन्हळींत किंवा त्यांच्या आसपास ठोकलेली खूण शोधावी. धावत्या लांडग्याची आकृती पासाव व सोलिंगेनच्या पात्यांवर असे. दातेरी कडेच्या दोन चंद्रकोरींची खूण इटलीकडची म्हणून प्रसिद्ध झाली. ‘आंद्रेआ फेरारा’ हे एका इटालियन कारागिराचे नावही पुष्कळ पात्यांवर दिसते. परंतु मासामुनेच्या नावाचे जे झाले तेच इथेही झाले. ज्या खुणेला किंमत, तिची नक्कल ठरलेली. सोलिंगेनच्या कारागिरांनी इतरांच्या खुणा वापरल्या आणि आपल्याकडच्या लोहारांनी त्या सगळ्यांच्या. तेव्हा नुसत्या खुणेवर विसंबून चालत नाही. पात्याचा पोत, त्याची जाडी, लवचीकपणा, पन्हळींची सफाई आणि मुठीचा जोड हे सगळे एकमेकांशी जुळते की नाही हे पाहावे लागते. आपल्याकडे पाते मुठीत लाखेसारख्या चिकट द्रव्याने बसवीत. त्यामुळे मुठी बदलणे सोपे होते, आणि एका पात्याने तीन पिढ्यांत तीन मुठी पाहिल्या असे घडे. म्हणून ‘ही तलवार किती जुनी?’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. पाते किती जुने आणि मूठ किती जुनी, असे दोन प्रश्न विचारावे लागतात.

मोल कशाचे?

लोक विचारतात, किंमत किती? सोन्याचे मोल वजनावर ठरते, तलवारीचे साक्षीवर. रघुजींच्या तलवारीवरचे सोने काढून विकले तर किती येईल? परंतु त्या पाठीवरची एक ओळ पुसली तर तिचे मोल क्षणात खाली येईल. संग्राहकाच्या दृष्टीने तीन गोष्टी मोलाच्या असतात. वस्तू अस्सल असावी, शक्य तितकी मूळ स्थितीत असावी, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा माग लागावा. यातली तिसरी गोष्ट कुटुंबेच सांभाळू शकतात, आणि तीच आपण सर्वांत आधी गमावतो. आजोबा जातात, त्यांच्याबरोबर गोष्ट जाते, आणि मागे राहिलेल्या लोखंडाला मग आपण हवी ती गोष्ट चिकटवतो.

जपानमध्येही एकदा सगळेच गमावण्याची वेळ आली होती. १९४५ साली शरणागतीनंतर विजयी सैन्याने देशातल्या सगळ्या तलवारी जमा करण्याचा हुकूम दिला. हिदेयोशीच्या हुकमाची ती जणू पुनरावृत्तीच होती. तेव्हा होम्मा जुन्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी कॅडवेल नावाच्या अमेरिकन कर्नलला पटवून दिले की, जुन्या तलवारी ही शस्त्रे नसून कलाकृती आहेत. त्या वाचल्या. त्यांच्या रक्षणासाठी १९४८ साली एक संस्थाही स्थापन झाली. आज त्या देशात शंभराहून अधिक तलवारी व त्यांचे साज ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून जाहीर आहेत. परंतु हे संरक्षण परंपरागत रीतीने हाताने घडवलेल्या पात्यांनाच आहे. महायुद्धात कारखान्यांतून निघालेल्या तलवारींना तिथे कलाकृती म्हणून नोंद मिळत नाही.

देवळालीची तलवार

तर आता देवळालीला परत येऊ. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. तिचे सेनापती जनरल स्लिम यांनी आग्रह धरला होता की, जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैन्यासमक्ष तलवारी खाली ठेवून शरण यावे. जपानचे दक्षिणेकडील सरसेनापती तेराउची यांनीही ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावमध्ये आपल्या तलवारी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या स्वाधीन केल्या. तेव्हा जपानी तलवारी हिंदी सैनिकांबरोबर इकडे आल्या यात नवल नाही. त्यांतल्या काही खरोखर जुन्या असू शकतात. कारण जपानी अधिकारी कित्येकदा वाडवडिलांचे पाते नव्या लष्करी मुठीत बसवून घेत. म्हणून अशा तलवारीची मूठ उतरवून देठ पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

या तलवारीची मूठ मात्र उतरवावी लागली नाही. मुठीवर दोरीच्या गुंडाळीची नक्षी होती, पण बोट लावताच कळले की दोरी नाही, ती धातूत ओतलेली नक्कल आहे. मुठीजवळ पात्यावर आकडे ठोकलेले होते. म्यानावरही तेच आकडे होते. पात्यावरची पन्हळ यंत्राने काढलेली होती. १९३५ साली जपानी सैन्याने हवालदार-नाईक दर्जाच्या शिपायांसाठी कारखान्यात तयार करून घेतलेल्या तलवारी या जातीच्या असतात. अधिकाऱ्याला आपली तलवार स्वतः विकत घ्यावी लागे. ही तलवार मात्र सरकारी, बंदुकीसारखी शिपायाला वाटलेली. तिच्यावर नाव नसते, नंबर असतो.

हे सांगणे आम्हांला जड गेले. सेनापतीची तलवार नाही, चारशे वर्षांची नाही, लाखांचे मोल नाही. थोरला भाऊ काही वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “म्हणजे आजोबा खोटे बोलले का?” आम्ही त्यांच्या वृद्ध आईला विचारले की, सेनापतीची गोष्ट तुमचे सासरे स्वतः सांगत काय? त्या म्हणाल्या, “छे! ते लढाईचे कधी काही बोललेच नाहीत. तलवार भिंतीवर लावू देत नसत. सेनापतीचे आम्हीच पुढे म्हणू लागलो.”

आम्हांला वाटते, त्या दिवशी त्या घरी काही हरवले नाही, उलट काही सापडले. आजोबा हवालदार होते, आणि ही तलवारही हवालदाराची होती. समोरासमोर आलेली ती दोन माणसे एकाच पायरीवरची होती. दोघेही पगारावर लढणारे, दोघांनाही घरी वाट पाहणारे कोणी होते. दुसरा परतला की नाही, हे आपण सांगू शकत नाही. परंतु सेनापतीच्या गोष्टीने त्या अनाम शिपायाला आजवर पुसून टाकले होते, आणि आजोबांच्या मौनालाही. ते आकडे मात्र कोणी खरवडले नव्हते, म्हणूनच ही साक्ष मिळाली. दोघा भावांनी तलवार आहे तशी ठेवायचे ठरवले, आणि तिच्याबरोबर एका कागदावर ठाऊक आहे तेवढेच लिहून ठेवायचे.

ज्यांच्या घरी अशी जुनी वस्तू असेल त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पाते घासू नका, विशेषतः मुठीच्या आतला भाग व ठोकलेल्या खुणा. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, धारेला व पात्याला उघडा हात लावू नका, कारण घामाने नवा गंज चढतो. आजी-आजोबांकडून ऐकलेली हकिकत तारखेसह लिहून ठेवा, आणि ऐकीव कोणते व पाहिलेले कोणते हे वेगळे लिहा. लांब पात्याच्या शस्त्रांना १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो, तेव्हा स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करून घ्या, लपवून ठेवू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती कोणा खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे नातेवाइकांना पार्सल करण्यापूर्वी ध्यानात घ्या. आणि जे विकत घेऊ पाहतात त्यांनी आधी डोळा तयार करावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात व पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी तलवारीही आहेत. शंभर अस्सल वस्तू पाहिल्याशिवाय नकली वस्तू ओळखू येत नाही.

देवळालीहून परतताना आम्ही वाट वाकडी करून पंचवटीत गेलो. १७४७ साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या तटावर, गोदावरीकडे तोंड करून ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. ती पोर्तुगीज बनावटीची मानली जाते, आणि १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी परंपरा तिचा संबंध जोडते. वसईहून नोकरी-धंद्यानिमित्त नाशिकला आलेली आपली माणसे तिच्याखाली उभी राहिली की त्यांच्या मनात काय येते, ते आम्हांला ठाऊक आहे. आपली आडनावे पोर्तुगीज, आपली मायबोली मराठी. या मातीतच जन्मून कधीमधी ‘फिरंगी’ हा शब्द टोमण्यासारखा कानी पडलेला.

त्या संध्याकाळी तो शब्द आम्हांला बोचला नाही. ज्या शब्दाने आपल्याला परके म्हणतात, तोच शब्द एका मराठी सरदाराने आपल्या तलवारीवर सोन्याने लिहवून घेतला होता. जपानच्या लोहाराने ‘नान्बान’ कोरले तसाच. परके लोखंड या मातीत आले, तिने त्याला आपली मूठ बसवली, आपल्या लिपीत त्याचे नाव लिहिले, आणि ते कोठून आले हेही लिहून ठेवले. गोदावरीवरची घंटा दोनशेहून अधिक वर्षे नाशिककरांची आहे, आणि तिच्यावरचे सालही कोणी पुसलेले नाही. लोखंड आणि कासे आपले मूळ लपवीत नाहीत. आपणही लपवू नये, आणि फुगवूनही सांगू नये.